बोडका, टोपीवाला, बोडका

परवा सकाळी जळगावात, मेहरूणच्या आमच्या गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा गेली. मोतीबिंदूचं मोफत शिबिर आहे, ज्यांना दिसत नाही त्यांनी यावं, असं रिक्षावाला घसा ताणून सांगत होता. मी दारात भाजीवाल्याकडून भरिताची वांगी निवडत होते. हिरवी, लांबट, हातात घेतली की हलकी वाटणारी. आमच्या खानदेशात थंडी पडली हे कॅलेंडरच्या आधी वांग्यांना कळतं. भोंग्याचा आवाज कोपऱ्यावर वळला तरी मी हातातलं वांगं तसंच धरून उभी. भाजीवाला म्हणाला, "ताई, चांगलं आहे ते, आतून किडकं नाही." त्याला काय सांगणार की मी वांग्याकडे बघतच नव्हते. मला युसूफभाई दिसत होते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी जळगावच्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत चिकटले होते. कंपनी म्हणजे एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक मालक आणि आम्ही मोजकी माणसं. पंचक्रोशीतल्या बँका, दूध संघ, दवाखाने अशा ठिकाणी आम्ही युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या मशीन बसवायचो आणि त्या रुसल्या की समजूत काढायला जायचो. मुलगी म्हणून मला सुरुवातीला टायपिंगलाच बसवायचं मालकांच्या मनात होतं. "हिला माझ्याबरोबर द्या," असं युसूफभाई म्हणाले, आणि माझी त्या टाइपरायटरपासून सुटका झाली.

युसूफभाई पन्नाशीचे. वडिलांचं जळगावात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणापासून डोळ्याला भिंग लावून ते त्या दुकानात बसले, पुढे रेडिओकडे वळले, मग टीव्हीकडे, आणि शेवटी कॉम्प्युटरकडे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. मला ते बेटा म्हणत आणि काही चुकलं की एकदम 'नलिनीबाई' म्हणत. नलिनीबाई ऐकलं की मी केलेलं सगळं पुन्हा तपासायला घ्यायची.

थंडीतल्या त्या एसटीच्या खेपा! एरंडोल, पारोळा, धुळे. सकाळची पहिली गाडी, खिडक्यांच्या काचा खुळखुळताहेत, फटीतून सुरीसारखा वारा येतोय. माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी आणि युसूफभाईंच्या मांडीवर मफलरीत गुंडाळलेला टेप ड्राइव्ह, म्हणजे मशीनमधली माहिती कॅसेटवर उतरवणारं यंत्र. स्वतःच्या गळ्याची मफलर काढून त्यांनी ती यंत्राला गुंडाळलेली असायची. "याला धक्का चालत नाही," म्हणायचे, आणि स्वतः पारोळ्यापर्यंत खोकत बसायचे. बाहेर कपाशीची वेचणी चाललेली असायची, बायांच्या कमरेला बांधलेले कापसाचे ओटे फुगलेले असायचे. ते मला विचारत, "कपाशी कशी आहे यंदा?" मला वाटायचं, गप्पा मारायच्या म्हणून विचारताहेत.

खरं काय ते मला भडगावच्या एका कामावर कळलं. स्कझी कार्ड बसवायचं होतं. आता ही भानगड कुणाला माहीतही नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. मशीनच्या पोटात हे कार्ड बसवायचं, त्यातून एक रुंद पट्ट्यासारखी केबल काढायची आणि त्या एका केबलवर डिस्क, टेप ड्राइव्ह अशी मंडळी ओळीने जोडायची. प्रत्येकाला आपापला घरक्रमांक द्यावा लागे. दोघांना चुकून एकच क्रमांक दिला की हाक मारल्यावर दोघंही 'ओ' देत आणि मशीन वेडंपिसं होई. हा क्रमांक ठरायचा तीन बारीक खिळ्यांच्या जोड्यांवर. कुठल्या जोडीवर तांदळाएवढी प्लास्टिकची टोपी बसवली आणि कुठली मोकळी ठेवली, त्यावर सगळं अवलंबून. त्या भडगावच्या खोलीत युसूफभाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, खिडकीकडे वळवलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बेटा, टोपी कुठे आहे?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी कामाला लागले त्याच्या आधीपासून. सूर्यफुलाच्या शेतावर धुकं यावं तसं दिसतं, असं त्यांनी मला परतीच्या गाडीत सांगितलं, आणि पाठोपाठ शपथ घातली की हे ऑफिसात बोलायचं नाही. मालक वाईट नव्हते, पण डोळ्यांनी अधू माणूस त्यांनी बाहेरगावी पाठवला नसता. हिशेबाच्या टेबलाशी किंवा गोदामात बसवला असता. युसूफभाईंना ते मरणासारखं होतं. "हातात पेचकस नसेल तर मी सकाळी उठू कशाला?" असं ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

मग ऑपरेशन का नाही करत? ते मी विचारलंच, माझा स्वभाव फटकळ. तर उत्तर आलं त्यांच्या अब्बांच्या रूपात. अब्बांनी एका शिबिरात डोळा करून घेतला होता, आणि पट्टी सुटली ती अंधारातच. त्यानंतर ते दुकानात यायचे, गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावायचे, किल्ली द्यायचे आणि पोराच्या हातात परत ठेवायचे. युसूफभाईंनी हे रोज बघितलं होतं. "धुकं तर धुकं, पण आहे ना काहीतरी," असं त्यांचं म्हणणं.

तर त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला संशय यायला नको. म्हणून युसूफभाई मास्तर व्हायचे आणि मी विद्यार्थिनी. कार्ड माझ्या हातात देऊन ते करड्या आवाजात विचारत, "सांग, पहिला कसा आहे?"

"बोडका."

"दुसरा?"

"टोपीवाला."

"तिसरा?"

"बोडका."

"मग क्रमांक किती झाला?"

"दोन."

"बरोबर. आता तिसऱ्याला टोपी घाल, दुसऱ्याची काढ. किती झाला?"

"चार."

समोरचा बँक मॅनेजर कौतुकाने मान हलवायचा. असे शिकवणारे हल्ली राहिले नाहीत हो, म्हणायचा. युसूफभाई नम्रपणे छातीला हात लावत. फैजपूरच्या एका साहेबांनी तर आमच्या मालकांना फोन करून सांगितलं, तुमच्या माणसाने पोरीला काय तयार केलंय! मालक खूश झाले आणि आम्हाला कायम जोडीनेच पाठवू लागले. लबाडीला बक्षीस मिळतं ते असं. गंमत अशी की त्या नाटकात मी खरंच शिकत होते. ते विचारत होते कारण त्यांना दिसत नव्हतं, आणि मी उत्तर देता देता जाणती होत होते.

मी आणखीही बरंच सांगायला शिकले. बसच्या पाटीवरचं गाव, चहात माशी आहे का, पायरी कुठे संपते. बसमध्ये चढताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवत, जणू वडीलकीने. दांड्याऐवजी माझा खांदा. त्यांच्या बोटांना कायम सोल्डरिंगचा वास येई, राळ जळल्यासारखा गोडसर. आजही कुठे तो वास आला की माझा उजवा खांदा आपोआप ताठ होतो.

दिवाळी होऊन महिना उलटला आणि धुळ्याहून बोलावणं आलं. पांझरा नदीच्या अलीकडे एका ट्रस्टचा दवाखाना होता, आणि दवाखाना डोळ्यांचा. "वाघाच्या गुहेत चाललो बेटा," युसूफभाई म्हणाले.

हिवाळा हा शिबिरांचा हंगाम. थंडीत जखम लवकर भरते, अशी आपल्याकडच्या माणसांची पक्की समजूत. दवाखान्याच्या अंगणात उन्हाला पाठ करून म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या, प्रत्येकाच्या डोळ्यावर हिरवं फडकं. कुणी विडी मागतंय, कुणी नातवाला हाका मारतंय. व्हरांड्यात स्पिरिटचा वास. युसूफभाईंनी माझा खांदा जरा जास्तच घट्ट धरला होता.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई स्वतः आम्हाला कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, केस पांढरे होत आलेल्या. कुणाचा कुठला डोळा झाला, कुणाचा राहिला, कुणाला साखर आहे, हे सगळं त्या मशीनमध्ये होतं. दिवाळीनंतर मशीन अडखळू लागलं, आणि मग डिस्कने हाय खाल्ली. सगळी माहिती टेपच्या कॅसेटवर उतरवून ठेवलेली होती, म्हणून काळजी नव्हती. आम्ही नवी डिस्क घेऊनच गेलो होतो. ती बसवायची, टेपवरचं तिच्यावर चढवायचं, की झालं. निदान येताना गाडीत आम्ही असंच ठरवलं होतं.

पण मशीनला टेप ड्राइव्ह सापडेना. सापडला तर वाचता येईना. कॅसेट थोडी फिरे, कण्हे आणि थांबे. नव्या डिस्कचा आणि टेपचा क्रमांक एक झाला असेल म्हणून आम्ही टोप्या बदलल्या. असं काही बदललं की युनिक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नव्याने बांधायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं आणि पडद्यावर एकेक ओळ उमटेपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. चहा आला, गेला. पुन्हा टोप्या, पुन्हा कर्नल. प्रत्येक वेळी आमची शिकवणी सुरू: पहिला कसा, दुसरा कसा. डॉक्टरबाई मधूनमधून येत, दाराशी उभ्या राहून ऐकत आणि निघून जात. मला त्यांचं ते ऐकणं काही बरं वाटेना.

शेवटी युसूफभाईंनी मला बाजूला केलं. "तू बघितलंस ना सगळं?" बघितलं होतं की. कार्ड, केबल, टोप्या, सगळं जागच्या जागी. ते टेप ड्राइव्हजवळ गेले आणि त्याच्या पाठीवरून बोटं फिरवायला लागले, म्हशीच्या पाठीवरून फिरवावीत तशी सावकाश. एका ठिकाणी बोट थांबलं.

"बेटा, बूच किधर गया?"

ओळीत जो शेवटचा असतो त्याच्या पाठीत एक बूच लावावं लागतं. टर्मिनेटर. त्याला पुढे कसलीच वायर नसते. त्याचं काम एवढंच की आलेला संदेश तिथे संपवायचा. ते नसलं की संदेश विहिरीत मारलेल्या हाकेसारखा परत उलटतो आणि सगळ्यांची बोलणी एकमेकांत मिसळतात. मी त्या पाठीकडे दहादा बघितलं असेल. रिकामी खाच दिसलीच नाही मला, कारण मी आहे तेवढंच बघत होते.

झाडलोट करणाऱ्या सोनाअक्कांना बोलावलं. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. विचारल्यावर त्या जराही गडबडल्या नाहीत.

"ते व्हय! ते मी काढं. लक्ष्मीपूजनले बठ्ठं पुशी काढं ना मी. तेले तं पुढे वायरच नही. मी म्हनं, हाई उगाच लटकी राहिनं."

"पुसताना काढलंत, मग कुठे टाकलंत?" माझा आवाज चढला.

"टाकसू कशी माय? मशीननं शे ते. देवघरमा ठेवेल शे."

आणि खरंच. व्हरांड्याच्या कोपऱ्यात दवाखान्याचं छोटं देवघर होतं, आणि त्यात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, सुकलेल्या झेंडूखाली, हळदीकुंकू लावलेलं आमचं बूच बसलं होतं. पूजेला एवढी मोठी मशीन कशी उचलून आणणार, म्हणून अक्कांनी तिच्या वतीने हे बसवलं होतं. दिवाळीपासून रोज त्याला उदबत्ती मिळत होती. जुनी डिस्कही बहुधा ते जागेवर नसल्यामुळेच बिथरली होती. युसूफभाई इतके हसले, इतके हसले की त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "अक्का, तुम्ही याला फार इज्जत दिलीत," ते म्हणाले. "आम्ही तर फक्त कामाला लावतो."

मन्ही चूक व्हयनी का, असं अक्का हळूच मला विचारत होत्या. मी नाही म्हटलं.

स्पिरिटच्या बोळ्याने कुंकू पुसलं, बूच लावलं, आणि कॅसेट फिरू लागली. टेपचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत. आधी एक लांब सुस्कारा, मग थांबून थांबून चालणारी गिरणी. पडद्यावर नावं सरकू लागली. कोण कुठल्या गावचे नाना, आबा, अक्का, एकेकाचा डोळा नव्या डिस्कवर येऊन बसत होता. मी आनंदाने टाळी वाजवली. तेवढ्यात डॉक्टरबाई युसूफभाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, आता जरा तुमची परीक्षा," त्या म्हणाल्या आणि टेबलावरची जुनी डिस्क त्यांच्या हातात दिली. "पहिला कसा आहे?"

युसूफभाईंनी चष्मा विसरल्याचं सांगितलं. बाई हसल्या. "माझ्याकडे म्हातारे येतात. पाटी वाचता आली नाही की नातवाला म्हणतात, वाच रे, बघू तुला येतं का. तुमची शिकवणी मी सकाळपासून ऐकतेय." मग बॅटरी काढून त्यांनी डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे असंच ठेवलंत तर पुढच्या हिवाळ्यात ही पोरगीसुद्धा उपयोगाची नाही. करून घ्या. तुमच्या ऑफिसला मी काही सांगणार नाही."

युसूफभाईंनी मान हलवली, नाही अशी. माझ्याकडे तोंड वळवलं, पण मी कुठे आहे ते त्यांना नक्की कळलं नव्हतं. ते खिडकीकडे बघत होते. इतके दिवस मी त्यांना मदत करत होते की त्यांना पांगळं करत होते, ते मला त्या क्षणी समजेना.

कॅसेट फिरत होती तोवर आम्हाला जेवायला अंगणात बोलावलं. सोनाअक्कांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. सालं काढून काठवटीत ठेचलेली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. "चार घास खाई ल्या, मंग काय करनं ते करा," म्हणत त्यांनी आग्रहाने वाढलं. अक्कांनी ऑपरेशनचं सगळं ऐकलं असावं, कारण हात धुऊन त्या समोर येऊन बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून सुईदोरा काढला.

"भाऊ, मन्हा दोन्ही डोया आठेच व्हयनात. आते देखा." दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं याच दवाखान्यात झालेल्या अक्कांनी एका झटक्यात सुईत दोरा ओवला.

"अक्का, मला कुठे दिसतंय ते?" युसूफभाई कसनुसं हसून म्हणाले.

अक्कांनी ती सुई त्यांच्या तळहातावर ठेवली. युसूफभाईंची बोटं सुईवरून सरकली, नेढ्यापाशी आली, दोरा कुठून आत शिरला आणि कुठून बाहेर आला ते चाचपलं. पुन्हा चाचपलं. घड्याळाचं काम केलेली बोटं ती. त्यांना खोटं सांगता येत नव्हतं.

"बारीक सुई आहे," ते म्हणाले. आणि सुई अक्कांना परत देत, "बाईंना बोलवा."

आता टेप गेल्या, स्कझी गेलं, टोप्या गेल्या. हल्ली जोडलेली वस्तू स्वतःच आपला क्रमांक ठरवते, कुणी कुणाला काही विचारत नाही. बरंच झालं म्हणायचं. एवढ्याशा टोपीपायी दिवस घालवणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती, आणि मी त्या काळाच्या आरत्या ओवाळणार नाही. पण कुणीतरी कुणाला 'पहिला कसा आहे' असं विचारावं आणि दुसऱ्याने जीव लावून उत्तर द्यावं, एवढं मात्र मला हवंहवंसं वाटतं. युसूफभाई पुढे बरीच वर्षं पेचकस घेऊन फिरले. संक्रांतीनंतर मालकांनी आम्हाला वेगवेगळ्या कामांवर पाठवायला सुरुवात केली, मी शिकून तयार झाले, आता दोघांची गरज उरली नाही म्हणून. मी एकटी यावलला, ते एकटे चोपड्याला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. तरी पहिल्या दिवशी एसटीत शेजारची जागा रिकामी बघून मला रडू फुटलं होतं, हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

पण भोंगा ऐकून मला आठवली ती पट्टी सोडायची सकाळ. घरच्यांना न कळवता मी पहाटेची गाडी पकडून धुळ्याला गेले होते. युसूफभाई खाटेवर ताठ बसलेले, शर्ट नेहमीसारखा इस्त्रीचा. मी पायाशी उभी राहिले. पट्टी सुटून अंधारच निघाला तर, हा त्यांच्या अब्बांचा दिवस माझ्याही डोक्यात होता. डॉक्टरबाईंनी सावकाश कापूस काढला, पापणी पुसली. "उघडा. घाई नको."

त्यांनी डोळा उघडला. आधी बाईंकडे बघितलं. बाईंनी बोटं धरली, त्यांनी बरोबर सांगितली. मग खिडकी बघितली, खिडकीतलं ऊन बघितलं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. ते बघत राहिले. कोण ही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आमची ओळख झाली तेव्हापासून त्यांनी माझा चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता.

"युसूफभाई, मी नलिनी," मी म्हणाले.

"तू?" आवाज ओळखून ते म्हणाले. "तू एवढीशी आहेस? मला वाटायचं, कोणी मोठी बाई असेल." माझ्या खांद्याकडे त्यांनी बोट केलं. "एवढ्याशा खांद्यावर हात टाकून मी गावोगाव फिरलो?"

त्यांचा ओठ मुडपला. डॉक्टरबाई एकदम ओरडल्या, "रडायचं नाही हं! टाके ओले होतील. महिनाभर एक थेंब चालणार नाही."

युसूफभाईंनी आज्ञाधारकपणे श्वास रोखून धरला. मग त्यांच्या वाटचंही मीच रडले.